गुडघा बदलल्यावर टाक्यांच्या बाहेरची कातडी बधिर का होते आणि तिचं काय करायचं

टाके निघतात, जखम सुकते, चालणं जमायला लागतं. मग एक दिवस आंघोळ करताना गुडघ्यावरून हात फिरतो आणि लक्षात येतं की व्रणाच्या बाहेरच्या बाजूची तळहाताएवढी कातडी जणू आपली नाहीच. हात लागला हे हाताला कळतं, गुडघ्याला कळत नाही. कुणाला जाड कापड गुंडाळल्यासारखं वाटतं, कुणाला दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर ओठ होतो तसं. पुढच्या तपासणीला डॉक्टर गुडघा किती वाकतो ते बघतात, एक्स-रे बघतात, "छान आहे" म्हणतात, आणि हा विषय ओठावर येऊन राहून जातो. घरी परतल्यावर मात्र मन खात राहतं: ऑपरेशनमध्ये काही चुकलं तर नाही ना?

बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्रणाच्या बाहेरचा थोडा भाग बधिर होणं इतकं सर्रास घडतं की त्याला गुंतागुंत म्हणण्यापेक्षा त्या चिरेचा अपेक्षित परिणाम म्हणणं जास्त खरं. माझी तक्रार एवढीच आहे की ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी नीट सांगितली जात नाही. संमतीपत्रात "नसांना इजा" असे दोन शब्द असतात आणि त्यातून काहीच बोध होत नाही. कारण नसांच्या इजेचे प्रकार वेगळे, त्यांचं गांभीर्य वेगळं आणि त्यावर करायच्या गोष्टीही वेगळ्या. ते वेगळेपण ओळखता यावं म्हणून ऑपरेशनच्या आधीपासून वर्षभरापर्यंत काय काय करायचं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी ती नस कोणती ते पाहू

मराठीत "नस" हा शब्द रक्तवाहिनीलाही चालतो आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे "नस कापली गेली" असं कानावर पडलं की डोळ्यांपुढे रक्त येतं. इथे नस म्हणजे मज्जातंतू, म्हणजे संवेदना वाहून नेणारी तार. तिच्यात रक्त नसतं.

जांघेतून फीमोरल नावाची मोठी नस खाली येते. तिची एक लांब शाखा म्हणजे सॅफिनस नस. ही शाखा फक्त संवेदना नेते, कुठल्याही स्नायूला हलवत नाही. मांडीच्या आतल्या बाजूने, स्नायूंच्या मधल्या बोळातून ती गुडघ्यापर्यंत उतरते. तिथे तिचे दोन मार्ग होतात. एक भाग नडगीच्या आतल्या बाजूने घोट्यापर्यंत आणि पावलाच्या आतल्या कडेपर्यंत जातो. दुसरा भाग गुडघ्याच्या वाटीखालून पुढे वळतो आणि आडवा, आतून बाहेर पसरतो. आपला संबंध या दुसऱ्या भागाशी आहे. त्याला इन्फ्रापटेलर शाखा म्हणतात.

आता चीर बघा. गुडघा बदलण्यासाठी साधारणपणे गुडघ्याच्या मधोमध, वाटीवरून नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत उभी चीर घेतात. नस आडवी, चीर उभी. ती नस किंवा तिचे फाटे वाटेत कापले जातातच. तार आतून बाहेर जाणारी असल्यामुळे तुटल्यावर अंधार पडतो तो पलीकडे, म्हणजे व्रणाच्या बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूची कातडी जागी आणि बाहेरची बधिर, या चित्राचं कारण हे. तुमची बधिरता अशीच बेतलेली असेल तर ती याच शाखेची आहे असं जवळजवळ धरून चाला.

या शाखेची रचना प्रत्येकात सारखी नसते. कुणात एकच फाटा, कुणात दोन-तीन. कुणात वाटीच्या बराच खालून, कुणात वाटीवरूनही. तंतू इतके बारीक असतात की चरबीच्या थरात ते शोधून वाचवणं किंवा कापल्यावर पुन्हा शिवणं ही या ऑपरेशनमधली नेहमीची पद्धत नाही. म्हणून "आमच्याकडे नस कापली जात नाही" असा दावा ऐकला तर जरा सावध व्हा. रोबोटच्या मदतीने हाड अचूक कापता येतं, पण कातडीला चीर द्यावीच लागते. चीर लहान असली तर बधिर पट्टाही लहान असण्याकडे कल असतो, इतकंच. एकाच बाजूचा अर्धा सांधा बदलतात त्यातही हा प्रश्न पूर्ण टळत नाही.

मग चीर थोडी बाहेरच्या बाजूने का घेत नाहीत? बाहेरून घेतली तर बधिरता कमी होते, ही गोष्ट खरी आहे. पण सांध्यात शिरायची नेहमीची वाट आतल्या बाजूने असते, आणि चीर बाहेर असली तर तिथपर्यंत पोचायला कातडी बरीच सोडवावी लागते. चीर जितकी सोयीची, तितका सांधा नीट उघडतो. आणि कडेची कातडी रक्ताविना काळी पडली तर तिच्याखाली धातूचा सांधा असतो. तिथला जंतुसंसर्ग हे बधिरतेपेक्षा कितीतरी मोठं संकट. पुढे कधी सांधा पुन्हा बदलावा लागला तर मधली चीरच कामाला येते. म्हणून बहुतेक सर्जन बधिर पट्टा पत्करतात, कातडीचा जीव धोक्यात घालत नाहीत. मला हा हिशोब पटतो. फक्त तो पेशंटलाही सांगावा.

पायरी १: ऑपरेशनच्या आधी स्वतःची नोंद करून ठेवा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही आणि नंतर हीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी खुर्चीत बसा. डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी कापसाच्या बोळ्याने दोन्ही गुडघे, नडग्या, घोटे आणि पावलं यांना हलकेच स्पर्श करायला सांगा. दोन्हीकडे सारखं जाणवतं का? तळपाय आधीच बधिर आहेत का? बोटांना मुंग्या येतात का? घोट्यापासून पाऊल वर, तोंडाकडे, जोर लावून उचलता येतं का? सगळं तारखेसह कागदावर लिहा.

याचं कारण असं की गुडघे बदलणाऱ्या वयात नसा आधीच पूर्ण धडधाकट असतात असं नाही. मधुमेहाने पावलांच्या नसा कमजोर झालेल्या असतात. कंबरेत नस दबलेली असते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलेल्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं आणि त्यानेही बधिरता येते. काही केमोथेरपीची औषधं, दारू, थायरॉईड, सगळे या यादीत आहेत. आधीच अर्धी दबलेली नस ऑपरेशनच्या ताणाने लवकर कुरकुरते. आणि जुनं दुखणं नोंदवलेलं नसेल तर नंतर ते सगळं गुडघ्याच्या माथी मारलं जातं. बी-१२ तपासून घ्या, साखर आटोक्यात आणा, पण कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सर्जनना भेटाल तेव्हा या गोष्टी आपणहून सांगा. गुडघ्यावर पूर्वीचा व्रण असेल, अगदी दुर्बिणीच्या ऑपरेशनचा लहानसा असला तरी, तो दाखवा. कंबरेचं ऑपरेशन झालं असेल ते सांगा. गुडघे टेकून करायचं काम असेल, बागकाम, फरशी बसवणं, प्रार्थना, लहान मुलांबरोबर जमिनीवर खेळणं, तर तेही सांगा, कारण बधिर कातडीचा सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांना घासत असतील किंवा गुडघा बरीच वर्षं सरळच होत नसेल, तर एक प्रश्न नक्की विचारा: "माझ्या बाबतीत पाऊल लुळं पडण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त आहे का?" हा प्रश्न का, ते पुढच्या पायरीत.

पायरी २: पहिले दोन दिवस – बधिरतेकडे नव्हे, पावलाकडे बघा

ऑपरेशननंतरचे पहिले काही तास कातडीच्या बधिरतेवरून काहीच ठरवता येत नाही. कण्यातली भूल उतरायला काही तास लागतात. त्याखेरीज दुखू नये म्हणून मांडीच्या आतल्या बाजूला सुई देऊन सॅफिनस नसच बधिर केलेली असू शकते. त्याला अ‍ॅडक्टर कॅनॉल ब्लॉक म्हणतात. त्याचा परिणाम साधारण दिवसभर राहतो, बारीक नळी ठेवलेली असेल तर आणखी लांबतो. म्हणजे जी नस पुढे बधिर राहणार, तीच आधी औषधाने बधिर केलेली. त्यामुळे वाटीखालच्या कातडीची काळजी आत्ता सोडा.

बघायचं ते दुसऱ्या नसेकडे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या थोडं खाली, हाताला एक टणक हाड लागतं. त्याला वळसा घालून पेरोनियल नस पुढे येते. ती संवेदनाही नेते आणि पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंनाही चालवते. तिला धक्का बसला तर पाऊल लोंबतं, चालताना बोटं जमिनीला अडकतात. हे क्वचित घडतं, शंभरात एखाद्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पण गुडघे आत वळलेल्यांमध्ये, किंवा वाकलेला गुडघा एकदम सरळ केल्यावर, ती ताणली जाते आणि धोका वाढतो. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला मांडीला बांधलेला दाबपट्टा फार वेळ राहणं, घट्ट ड्रेसिंग, आत साचलेलं रक्त, यांनीही.

भूल उतरायला लागल्यावर दर दोन-तीन तासांनी एवढं करा. पाऊल तोंडाकडे उचला. अंगठा एकटा वर उचला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या कातडीला कुणाला तरी हात लावायला सांगा. दुसऱ्या पायात हालचाल परत आली आणि ऑपरेशनच्या पायाचं पाऊल अजून वर येत नाही, असं असेल तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. नर्सना लगेच सांगा, शब्द न चावता: "पाऊल वर उचलता येत नाहीये." अशा वेळी पहिली पावलं साधी असतात: ड्रेसिंग सैल करणं, गुडघा थोडा वाकवून ठेवणं म्हणजे नसेवरचा ताण कमी होतो, आणि आत रक्त साचलंय का ते बघणं. जेवढं लवकर तेवढं बरं. पोटरी दगडासारखी टणक होऊन बोटं नुसती हलवली तरी असह्य दुखत असेल तर ती वेगळी तातडी आहे. तेव्हाही थांबायचं नाही.

नातेवाइकांसाठी एक छोटं काम. झोपेत पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि तेच टणक हाड पलंगाच्या कठड्यावर किंवा गादीच्या कडेवर दाबलं जातं. भूल असताना पेशंटला ते कळत नाही. गुडघ्याची वाटी छताकडे बघत राहील असा पाय ठेवा. बाहेरच्या बाजूने मऊ टॉवेलची गुंडाळी लावली की काम होतं.

पायरी ३: टाके निघाल्यावर नकाशा काढा

टाके किंवा स्टेपल साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. त्यानंतर जखम कोरडी असेल तेव्हा बधिर भागाचा नकाशा काढायचा. त्याला पंधरा मिनिटं पुरतात.

गुडघा सरळ ठेवून बसा. कापसाची बारीक वात करा. जिथे स्पर्श नीट कळतो तिथून सुरुवात करून बधिर भागाकडे सरकत जा. "आता वेगळं वाटतंय" असं जिथे वाटेल तिथे बॉलपेनने टिंब करा. सगळ्या बाजूंनी आठ-दहा टिंबं झाली की ती जोडा. नेहमी जाग्या भागाकडून बधिर भागाकडे जायचं, उलट नाही. दिशा बदलली की हद्दही बदलते. टिंबं व्रणावर किंवा खपलीवर नकोत. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि लांबी-रुंदी लिहून ठेवा. आत एक-दोन ठिकाणी बोटाने जरा दाबून बघा. हलका स्पर्श कळत नाही पण दाब कळतो, असं बऱ्याच जणांत आढळतं. तेही लिहा. सुई टोचून बघण्याचा मोह मात्र आवरा. त्या कातडीखाली नवा सांधा आहे, तिथे छिद्रं पाडायची नसतात.

हाच उद्योग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने करा. रोज करू नका, रोज केल्याने नुसती चिंता वाढते.

नकाशात काय दिसेल? बहुतेकांमध्ये पट्टा कडांकडून आत आत लहान होत जातो, मुख्यतः पहिल्या वर्षात. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १९४३ साली हर्बर्ट सेडन यांनी नसांच्या इजेचे तीन प्रकार मांडले, ते आजही वापरात आहेत. नुसती दबलेली नस काही दिवसांत किंवा आठवड्यांत जागी होते. आतला तंतू तुटला पण बाहेरचं आवरण शाबूत राहिलं, तर तंतू त्या नळीतून दिवसाला साधारण एक मिलिमीटर वेगाने परत वाढतो. पूर्ण कापली गेलेली नस मात्र, टोकं शिवली नाहीत तर, आपल्या जुन्या वाटेवर क्वचितच परतते. गुडघ्याच्या चिरेत बऱ्याचदा हा तिसरा प्रकार असतो. तरीही पट्टा लहान होतो, कारण शेजारच्या शाबूत नसांचे तंतू त्या रिकाम्या कातडीत नवे फाटे धाडतात. शेजाऱ्यांनी ओसाड शेत कसायला घ्यावं, तसं. म्हणून कडा आधी जागी होते आणि मधला भाग शेवटी, कधी कधी कधीच नाही. थोडा बधिर तुकडा कायमचा राहणाऱ्यांची संख्या बरीच मोठी आहे. त्यातल्या बहुतेकांना वर्षभरानंतर तो आठवतो तोही कुणी विचारल्यावरच.

जागं होताना कातडी शांतपणे जागी होत नाही. मुंग्या, मधूनच खाज, वीज चमकावी तसा क्षणभराचा चटका, हे दोन-तीन महिन्यांत चालतं. ते येऊन जात असेल आणि हळूहळू कमी होत असेल तर बहुधा तंतूंचंच काम चालू आहे.

नकाशा या चित्रात बसत नसेल तर डॉक्टरांना लवकर दाखवा. बधिरता व्रणाच्या बाहेर न राहता पावलाच्या पाठीवर आहे, किंवा महिन्यामहिन्याने वाढते आहे, किंवा आधी नीट असलेल्या तळपायात आली आहे, तर गुन्हेगार ही शाखा नाही. पेरोनियल नस, कंबर, मधुमेह यांच्याकडे वळायला हवं.

पायरी ४: बधिर कातडी सांभाळा

बधिर जागेला धोका वेदनेचा नसतो, वेदना नसण्याचा असतो. चटका बसतोय हे कळत नाही, म्हणून आपण हात काढून घेत नाही.

बर्फ सूज उतरवायला चांगला, पण थेट कातडीवर नको. मध्ये कापड हवं, एका वेळी १५ ते २० मिनिटं, आणि मध्येच उचलून कातडीचा रंग बघा. बर्फाची पिशवी बांधून झोपी जाणं हा प्रकार पूर्ण बंद. गरम पाण्याची पिशवी तर बधिर भागावर ठेवूच नका, असंच मी सांगेन. मांडीला किंवा पोटरीला शेक घ्यायचा असेल तर आधी दुसऱ्या पायावर लावून तापमान बघा. विजेचे सौम्य झटके देणाऱ्या टेन्स यंत्राच्या पट्ट्या बधिर कातडीवर चिकटवत नाहीत. फिजिओथेरपिस्टना तुमचा नकाशा दाखवा म्हणजे त्यांनाही कळेल. नी-कॅपची कड, दाबमोज्याची घडी, चिकटपट्टी, वस्तरा, ही बाकीची नेहमीची कारणं.

रोज एकदा उजेडात, लागलं तर आरशात, व्रण आणि भोवतीचा भाग बघा. पसरणारी लाली, पाणी किंवा पू, उघडलेली कड, हे बधिर जागेत न दुखता होऊ शकतं. ताप असो वा नसो, त्याच दिवशी दाखवा. घरच्या घरी मलम लावून चार दिवस बघू, असं इथे चालत नाही.

पायरी ५: कातडीला पुन्हा ओळख करून द्या

जखम पूर्ण भरली, एकही खपली उरली नाही आणि सर्जननी होकार दिला की, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर, हे सुरू करता येतं. स्पर्शाने काही नस उगवत नाही. पण मेंदूकडे येणारे तुटक, विचित्र निरोप वाचायला तो शिकतो, आणि हात लावला की अंगावर काटा येतो तो प्रकार कमी होतो.

कापूस, मऊ सुती कापड, टॉवेल, जरा खरखरीत कापड असं काहीतरी जमवा. सगळ्यात मऊपासून सुरुवात. जागी कातडी, मग कड, मग बधिर भाग, असा हळू हात फिरवा. आधी बघत बघत, मग डोळे मिटून. "हे काय आहे, कुठे लागतंय" असं मनात ओळखायचा प्रयत्न करा. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. एखादं कापड अगदी सहज वाटायला लागलं की पुढच्याकडे जा. व्रणाची मालिशही त्याच वेळी: अंगठ्याने गोल, उभी, आडवी, कातडी खालच्या थरावरून सरकेल इतपत. त्याने व्रण चिकटत नाही आणि व्रणात अडकलेले तंतू ओढले जात नाहीत. अंघोळीनंतर सवय लावली तर टिकते. "सवड मिळेल तेव्हा" ठेवलं तर आठवड्याने विसरलं जातं.

पायरी ६: बधिरता एक, दुखरी नस दुसरी

आता जरा अवघड भाग. थोड्या लोकांमध्ये कापलेल्या नसेचं टोक नुसतं शांत बसत नाही. ते वाढायला बघतं, पुढे वाट सापडत नाही, आणि टोकाशी तंतूंची गुंतवळ होते. तिला न्यूरोमा म्हणतात. गंमत अशी की हे टोक बधिर भागात नसतं. नस आतून येते, तेव्हा जिवंत टोक व्रणाच्या आतल्या बाजूला राहतं. म्हणजे बधिरता बाहेर आणि दुखणं आत. पेशंट म्हणतात, "बधिर आहे तिकडे काही नाही हो, पण इथे आत बोट लागलं तरी जीव जातो."

लक्षणं अशी: एका बोटाने दाखवता येईल एवढी जागा, तिथे टकटक केलं की करंटसारखी कळ वाटीखालून बाहेर धावते, पँटचा किंवा चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, जळजळ रात्री वाढते. टकटक करून बघण्याच्या या खुणेला टिनेल यांचं नाव आहे. पॉल हॉफमन आणि ज्यूल टिनेल या दोघांनी १९१५ साली, वेगवेगळ्या देशांत बसून, तिचं वर्णन केलं. दुखणं नसेचं आहे का हे ठरवायला डॉक्टर डीएन४ नावाची १० मुद्द्यांची प्रश्नावली वापरतात. ४ किंवा जास्त गुण आले तर नसेकडे बोट जातं.

मात्र बदललेल्या गुडघ्यात दुखतंय म्हटल्यावर पहिला संशय नसेवर घ्यायचा नाही. आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री: रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी तपासण्या, गरज पडली तर सांध्यातलं पाणी काढून. मग एक्स-रे: सांधा सैल झालाय का, नीट बसलाय का. उठून पहिली चार पावलं टाकताना खोलवर दुखणं हे सैलपणाकडे जास्त झुकतं; पांघरूण लागल्यावर कातडीत जळणं हे नसेकडे. पूर्ण पाय सुजलेला, रंग बदलणारा, कधी गार कधी गरम, घामेजलेला आणि दुखणं कारणाच्या मानाने फारच जास्त, असं असेल तर सीआरपीएस नावाच्या वेगळ्या विकाराचा विचार करतात. तो लवकर ओळखला तर बरं.

बाकी सगळं ठीक निघालं की एक सुंदर चाचणी आहे. दुखऱ्या जागी, हवं तर सोनोग्राफीने बघून, बधिर करणारं औषध थोडंसं टोचतात. दुखणं काही तासांसाठी गायब झालं तर उत्तर मिळालं. नाही झालं तर दुसरीकडे शोधायचं. या चाचणीआधी कुणी सांधाच पुन्हा बदलू म्हणत असेल तर दुसरं मत घ्या. नसेच्या दुखण्यासाठी सांधा बदलून दुखणं जात नाही, वर एक नवी चीर पडते.

उपचार खालच्या पायरीवरून चढत जातात. पाचव्या पायरीतला स्पर्शाचा व्यायाम चालू ठेवायचा. लिडोकेनची पट्टी मिळते, ती जखम पूर्ण भरलेल्या कातडीवर १२ तास लावून १२ तास काढून ठेवतात. पोटात घ्यायच्या औषधांत गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही नावं ऐकाल. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी नसेची जळजळ फारशी हटत नाही, म्हणून ही वेगळी. ही सगळी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच. पहिल्या दोन औषधांनी गुंगी आणि चक्कर येते, किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि एकदम बंद करायची नसतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने वयस्कर माणसांना बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते. नव्या गुडघ्यावर रात्री गुंगीत उठून पडणं किती महागात जाईल ते सांगायला नको. सुरुवातीचे दिवस रात्री दिवा चालू ठेवा.

तेवढ्याने भागलं नाही तर नसेभोवती इंजेक्शन, मग रेडिओफ्रीक्वेन्सीने किंवा अतिशीत सुईने नसेचा तो तुकडा निष्क्रिय करणं. शेवटी ऑपरेशन: दुखरं टोक शोधून काढून टाकणं किंवा घर्षण नसलेल्या जागी पुरणं. अमेरिकेतले ली डेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात गुडघा बदललेल्यांसाठी ही पद्धत मांडली. इंजेक्शनच्या चाचणीत ज्यांचं दुखणं स्पष्टपणे थांबलं, अशांनाच ती सुचवतात. आणि हो, त्यानंतर बधिरता राहते, थोडी वाढतेही. दुखण्याच्या बदल्यात बधिरता, असा तो सौदा.

गुडघे टेकण्याबद्दल थोडं

बऱ्याच जणांना वाटतं की नव्या गुडघ्यावर टेकणं म्हणजे तो मोडणं. बहुतेक नव्या सांध्यांना टेकल्याने इजा होत नाही. अडतं ते बधिर कातडीच्या विचित्र जाणिवेने आणि भीतीने. सर्जननी परवानगी दिल्यावर, साधारण तीन महिन्यांनंतर, आधी पलंगावर टेकून बघा. दोन्ही हातांनी आधार, काही सेकंद, मग उठायचं. मग जाड उशी, मग सतरंजी. टेकून झाल्यावर कातडी बघायची: फोड, खरचटणं, लाली. न्यूरोमाच्या जागेवर भार येत असेल तर हट्ट करू नका.

तपासणीला गेल्यावर काय बोलायचं

"थोडं बधिर वाटतं" म्हटलं की "होईल बरं" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी फोटो पुढे करा आणि असं सांगा: "टाके काढल्यावर बधिर भाग एवढा होता, आता एवढा आहे. दाब कळतो, हलका स्पर्श कळत नाही. पाऊल नीट वर येतं. आतल्या बाजूला या एका ठिकाणी टकटक केलं की कळ जाते." चार वाक्यांत डॉक्टरांना हवं ते सगळं आलं, आणि त्यांनाही उत्तर टाळता येत नाही.

दुसरा गुडघा बदलायची वेळ आली तर पहिल्याचे हे फोटो आणि कागद बरोबर न्या. पहिल्या वेळी पाऊल उचलायला त्रास झाला असेल किंवा न्यूरोमा झाला असेल तर सर्जनबरोबर भूलतज्ज्ञांनाही सांगा, म्हणजे भूल कुठली, नसेचा ब्लॉक द्यायचा की नाही, दाबपट्टा किती वेळ ठेवायचा, हे त्यांना आधीच ठरवता येईल. नुसती बधिरताच राहिली असेल, तर या वेळी ती तुमच्या ओळखीची असेल. नकाशासाठी बॉलपेन तेवढं बॅगेत टाका.